सहावा मुलगा

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर गेलं की धाम नदी लागते. नदीपलीकडच्या टेकाडावर पवनारचा आश्रम आहे. धामच्या पलीकडचा म्हणून विनोबा भावेंनी त्याला ‘परमधाम’ म्हटलं. मार्च १९५१ मध्ये या मुक्कामावरून पंचावन्न वर्षांचा एक माणूस पायी निघाला. अंगाने काडी, पोटात अल्सर, खाणं दही आणि मधाचं. पुढच्या तेरा वर्षांत त्याच्या भूदान चळवळीने देशभरातून ढोबळमानाने ४२ लाख एकर जमिनीची दानपत्रं जमवली. हाती सत्ता नव्हती आणि कायद्याचा बडगाही नव्हता. मोबदला म्हणून द्यायला एक पैसाही नव्हता.

शेतकरी जमीन कशी सोडतो, किंवा खरं तर कशी सोडत नाही, हे विदर्भात कुणाला समजावून सांगायला नको. वीतभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. अशा माणसाकडून जमीन मागायची, आणि त्याने ती चार लोकांत उभं राहून द्यायची, हे घडलं कसं? ‘विनोबांचा प्रभाव’ एवढ्यावर आपण सहसा थांबतो. पण प्रभावाच्या आत एक पद्धत होती. तिचे भाग सुटे करून पाहता येतात. कोणता भाग कुठे पकड घ्यायचा आणि कुठे निसटायचा, तेही दिसतं.

पहिला भाग म्हणजे मागणारा. १९५० च्या सुमारास पवनारला विनोबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग मांडला होता. पैशाचा व्यवहार सोडायचा, देणग्या घ्यायच्या नाहीत, आश्रमाच्या जमिनीत स्वतः खणायचं आणि पिकेल ते खायचं. विहीर खणली तीही स्वतःच्या हातांनी. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरायचं ठरलं, तेव्हा पैसा सोडलेल्या माणसाने पायी जाणं ओघानेच आलं. म्हणजे भूदान सुचण्याच्या आधीच भूदान मागायला लागणारा माणूस तयार होता. त्याच्या मागणीत त्याचा स्वतःचा काडीचा फायदा नाही, हे समोरच्याला सांगावं लागत नव्हतं, दिसत होतं. गावात कुणी हात पसरला की गावकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो, ‘याचं काय आहे यात?’ तो प्रश्न इथे जागच्या जागी विरून जायचा.

तरी नुसत्या त्यागाने जमीन मिळत नसते. त्यागी माणसाच्या पाया पडून लोक आपल्या वाटेला लागतात. खरी कळ फिरली ती १८ एप्रिल १९५१ रोजी, तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यात, पोचमपल्लीला. तो भाग तेव्हा कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्याने पेटलेला होता. काही वर्षांपूर्वी निजामाच्या रझाकारांनी छळलं, मग १९४८ ची पोलीस कारवाई झाली. दिवसा पोलिसांची भीती, रात्री बंदूकवाल्यांची. अशा गावात विनोबा दलित वस्तीत गेले. कसायला जमीन मिळाली तर पोट भरेल, असं लोक म्हणाले. किती हवी, हे विनोबांनी त्यांनाच विचारलं. चाळीस कुटुंबांनी हिशेब करून सांगितलं, ८० एकर : चाळीस ओलिताची, चाळीस कोरडवाहू.

विनोबा आधी सरकारकडे अर्ज करण्याच्या गोष्टी बोलले. मग त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांपुढेच प्रश्न टाकला की सरकारकडून मिळेल तेव्हा मिळेल, गावातलं कुणी काही करू शकेल का? वेदिरे रामचंद्र रेड्डी उठले आणि १०० एकर देतो म्हणाले, पन्नास ओलिताची आणि पन्नास कोरडवाहू. आपल्या वडिलांचीही तशी इच्छा होती, असं त्यांनी सांगितलं.

या प्रसंगाचं वर्णन बहुतेक ठिकाणी चमत्कारासारखं येतं. मला त्यातली मांडणी जास्त विलक्षण वाटते. गरज किती, हे गरजवंतांनी सांगितलं होतं, आणि आकडा आवाक्यातला होता, घरामागे दोन एकर. गरजवंत समोर बसलेले होते. प्रश्न कुणा एकाकडे बोट दाखवून विचारलेला नव्हता, सगळ्या गावाला होता. त्यामुळे जो उठला तो स्वतःहून उठला, आणि उठलेल्याला साऱ्या गावाने पाहिलं. आपल्याला वाटतं की पटवून देणारा माणूस खूप बोलत असेल. इथे विनोबांचं बोलणं एका प्रश्नापुरतं होतं. निर्णय ऐकणाऱ्याच्या तोंडून निघाला, आणि आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दाला माणूस जास्त चिकटून राहतो.

त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही, असं ते पुढे सांगत. गणित हा त्यांचा लहानपणापासूनचा नाद. त्यांनी देशाचा हिशेब मांडला. लागवडीची जमीन सुमारे तीस कोटी एकर, तिचा सहावा हिस्सा पाच कोटी. हा आकडा १९५७ सालापर्यंत गाठायचा, असं पुढे जाहीर झालं. पण पाच कोटी एकर ही काही कुणा शेतकऱ्याला हलवणारी भाषा नाही. ती नियोजन आयोगाची भाषा झाली. विनोबांचं कसब दिसतं ते त्याच सहाव्या हिश्शाला त्यांनी घरात कसं आणून बसवलं त्यात. तुम्हाला पाच मुलं असतील, तर मला सहावा समजा आणि माझा वाटा मला द्या. तो मी दरिद्रनारायणासाठी मागतोय.

हे वाक्य शेतकऱ्याच्या डोक्यात काय करतं, ते जरा सावकाश पाहू. समजा वर्ध्याकडे कुणाचं तीस एकर वावर आहे आणि मुलं पाच. वाटणीचा हिशेब त्याच्या मनात मुलं लहान असल्यापासून चालू असतो : प्रत्येकी सहा एकर. कोणाला विहिरीकडचा तुकडा, कोणाला नाल्याकाठचा, हेही त्याने मनातल्या मनात ठरवलेलं असतं. आता त्यात सहावा आला, की प्रत्येकी पाच. म्हणजे एकेका मुलाचा एकच एकर गेला. ‘पाच एकर दान द्या’ म्हटलं असतं, तर तेच पाच एकर डोळ्यांपुढे डोंगराएवढे झाले असते. शिवाय उद्या सहावा मुलगा खरोखरच जन्माला आला असता, तर बापाने त्याला नाही म्हटलं असतं का? घरातली रड चालू राहिली असती, पण वाटा पाडलाच असता. विनोबांनी नवा हिशेब शिकवला नाही. जो हिशेब शेतकरी आयुष्यभर करत आला, त्यातच एक माणूस वाढवला.

सहाच्या आकड्याला आणखी कंगोरे होते. जुन्या स्मृतिग्रंथांत राजाचा वाटा पिकाचा सहावा भाग सांगितला आहे. पाच भावांनंतर सहावा म्हटलं की आपल्याकडे कर्ण आठवतो, ज्याला भाऊ म्हणून वेळेवर ओळखलं नाही आणि पुढचं सगळं रामायण, म्हणजे महाभारतच, घडलं. कीर्तनात वाढलेल्या श्रोत्याला हे समजावून सांगायची गरज नव्हती. दान या शब्दाला चिकटलेला उपकाराचा वासही विनोबांना पुसायचा होता. त्यासाठी दान म्हणजे सारखी वाटणी, हा शंकराचार्यांनी केलेला अर्थ ते पुनःपुन्हा सांगत. घेणारा भिकारी नाही, हक्काचा वाटेकरी आहे. मुलगा वाटा मागतो, भीक मागत नाही.

वर्ध्याला हा नात्याचा मार्ग नवीन नव्हता. याच गावच्या जमनालाल बजाजांनी १९२० मध्ये, नागपूर काँग्रेसच्या वेळी, गांधीजींना विनंती केली होती की तुम्हाला चार मुलगे आहेत, मला पाचवा समजा. इथे मागणारा धनवान होता आणि देणारा फकीर, म्हणजे दिशा उलटी. पण त्या नात्यातूनच विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याचा आश्रम चालवायला आले, त्यातूनच गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले, आणि पवनारच्या आश्रमाचा बंगलाही जमनालालजींचाच. एकाने दुसऱ्यापासून युक्ती उचलली, असं मी म्हणत नाही. पण नातं जोडून घेतलं की त्यामागून जबाबदारी येते, हे या गावाने तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता रोजची रीत. पहाटे तीन-चारला कंदिलाच्या उजेडात पदयात्रा निघे. दहा-बारा मैलांची चाल, आणि ऊन तापायच्या आत पुढचं गाव. विनोबा कुणाकडेही जायचे ते पायी, आणि चालणाऱ्या माणसाबरोबर गावकरीही शिवेपर्यंत चालत. प्रत्यक्ष सभेआधीचं कितीतरी बोलणं या वाटेवरच होऊन जाई. दिवसा भेटीगाठी, संध्याकाळी प्रार्थना, मौन, मग प्रवचन. दानाची मागणी प्रार्थनेनंतर होई. या क्रमाला महत्त्व आहे. मौनात बसलेला जमाव आणि घोषणा देणारा जमाव यांच्याकडून सारख्याच उत्तराची अपेक्षा करता येत नाही. प्रवचनात कोट्या असत, विनोद असत, आकडेमोड असे. विनोबांना इतक्या भाषा येत की बहुतेक ठिकाणी ते तिथल्याच संतांचे दाखले देत. धमकी मात्र कधी नसे. जमीन न देणाऱ्याला ते पापी म्हणत नसत. आज दिली नाही तर उद्या देईल, आज त्याचं मन तयार नाही, एवढंच.

आणि ते नकारही देत. हे फारसं सांगितलं जात नाही. शेकडो एकरांचा धनी एखाद-दुसरा एकर घेऊन आला, तर विनोबा तो परत करत. मला सहावा हिस्सा हवा, सांत्वनापुरता तुकडा नको. त्याच वेळी तीन एकरवाल्याने काही गुंठे दिले तर ते मोठ्या कौतुकाने घेत. वरवर पाहता हा तोट्याचा सौदा होता. पण छोट्याने दिलेले गुंठे मोठ्याच्या दारात जाऊन बोलत. गावात ज्याच्याकडे काही नाही त्यानेही दिलं, हे कळल्यावर पाटलाला उशिरा झोप लागायची. तेलंगणात एकावन्न दिवसांत बारा हजार एकरांहून अधिक जमीन मिळाली. पावसाळ्यात विनोबा पवनारला परतले. मग नेहरूंचा निरोप घेऊन रा. कृ. पाटील आले की नियोजन आयोगाशी बोलायला दिल्लीला या. सप्टेंबरात विनोबा पुन्हा निघाले, अर्थातच पायी.

इथे एक शंका घेतली पाहिजे, आणि ती त्याही वेळी घेतली गेली. पटलं म्हणून दिली, की घाबरून? तेलंगणात बंदुकीची भीती होती. आपल्याकडे मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून कायद्याने संपली होती. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं, आणि गावांची मालकी गेलेल्या मालगुजारांना पुढे कमाल धारणेचा कायदाही येणार हे दिसत होतं. (महाराष्ट्रात तो १९६१ मध्ये आला.) उद्या जाणारच आहे, तर आज देऊन पुण्य का घेऊ नये, असा विचार करणारे नव्हते असं कोण म्हणेल? माझ्या मते भीती होती, आणि विनोबांनाही ते कळत होतं. पण नुसत्या भीतीने माणूस जमीन नातेवाइकांच्या नावावर करतो, कुळं काढतो, वकील गाठतो. पुढे कमाल धारणेच्या कायद्याच्या वेळी तेच झालं. भीती असलेल्या माणसाला तोंड वर करून वागता येईल असा रस्ता विनोबांनी दाखवला, आणि काहींनी तो घेतला. पटवणं कोऱ्या पाटीवर होत नसतंच. समोरच्याच्या मनात आधीच असलेल्या गोष्टींच्या आधारानेच ते होतं.

सभेत हात वर झाला, की दानपत्र भरायचं. दात्याचं नाव, गाव, तहसील, खसरा क्रमांक, क्षेत्र, सही किंवा अंगठा, साक्षीदार. आणि इथेच यंत्र पहिल्यांदा खडखडायला लागलं. भारावलेल्या सभेत खसरा क्रमांक कुणाला आठवतो? ‘नाल्याकडची चार एकर’ एवढंच लिहिलेली, किंवा क्रमांकाची जागा कोरी सोडलेली दानपत्रं निघाली. काही जमिनी गहाण होत्या, काहींवर कुळं होती, काहींवर भावाचा दावा. काही निव्वळ मुरमाड, खडकाळ, नदीने खाल्लेल्या. म्हणून कायदा करावा लागला. १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम वर्ध्यालाही लागू झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्रात आला, तरी विदर्भापुरता तोच कायदा चालत राहिला. त्यानुसार दान जाहीर करायचं, हरकती मागवायच्या, महसूल अधिकाऱ्याने चौकशी करायची आणि मग दान कायम करायचं. त्यानंतर जमीन भूदान यज्ञ मंडळाकडे यायची आणि मंडळ ती भूमिहीनाला द्यायचं.

म्हणजे पटण्याचा क्षण संध्याकाळी सातचा, आणि त्याची परीक्षा पटवाऱ्याच्या दप्तरात काही महिन्यांनी. मधल्या काळात दात्याची मुलं घरी येत, जावई येत, भाऊबंद कान भरत. सभेत बाप एकटा होता, घरी खरोखरच पाच मुलगे होते, आणि सहाव्याबद्दल त्यांचं मत कुणी विचारलेलं नव्हतं! या युक्तिवादातली ही खरी चीर. तो बापाला पटवतो. वाटा मात्र मुलांचा कमी होतो.

जिथे कार्यकर्ता पाठोपाठ गेला, तिथे दान टिकलं. वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजातली प्राध्यापकी सोडून या कामात उतरलेले ठाकुरदास बंग यांच्यासारखी माणसं याच दुसऱ्या टप्प्याची होती. वाटपाची रीतही विचारपूर्वक बांधलेली होती. वाटप गावसभेत, उघड्यावर. कुणाला द्यायची हे दात्याने ठरवायचं नाही, भूमिहीनांनीच आपसात एकमताने ठरवायचं. एकमत झालं नाही तर चिठ्ठ्या टाकायच्या. किमान तिसरा हिस्सा दलितांना. घेणाऱ्याने स्वतः कसायची, विकायची नाही, पडीक ठेवायची नाही. मग लक्षात आलं की जमीन मिळाली तरी बैल, नांगर, बियाणं कुठून येणार? त्यातून साधनदान आणि संपत्तिदान निघालं. एक गोष्ट पटवून द्यावी, तर तिच्यामागे आणखी चार पटवाव्या लागत.

चळवळीच्या काळातले आकडे या सगळ्याचं माप देतात. सुमारे ४२ लाख एकर मिळाले, त्यातले तेरा लाखांच्या आसपास प्रत्यक्ष वाटले गेले. बाकीच्यांत लागवडीलायक नसलेली, वादात अडकलेली, कागदावरच राहिलेली जमीन होती. एकट्या बिहारचा वाटा वीस लाखांच्या वर, आणि नापीक जमिनीचा भरणाही तिथे मोठा. चळवळ फसली म्हणणारे पाच कोटींशी तुलना करतात, यशस्वी म्हणणारे शून्याशी. वाटलेल्या जमिनीवर आज तिसरी पिढी राबते. विदर्भातल्या सातबाऱ्यावर अशी जमीन वर्ग दोनची म्हणून दिसते, वारसांकडे जाते, पण मोकळेपणी विकता येत नाही.

एप्रिल १९६४ मध्ये विनोबा तेरा वर्षांनी पवनारला परतले. तोवर मागणी बदलली होती. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने सगळ्या गावाचीच जमीन देऊन ग्रामदानाची वाट दाखवली होती. ती फार चढाची होती म्हणून १९६५ च्या सुमारास ‘सुलभ ग्रामदान’ आलं. गावातल्या पंचाहत्तर टक्के लोकांनी संमती द्यावी, निम्म्याहून अधिक जमीन त्यात यावी, भूमिहीनांना विसावा हिस्सा मिळावा, उरलेली जमीन कसणाऱ्याकडेच राहील. सहाव्याचा विसावा झाला. विनोबा आता मोटारीने फिरत, या यात्रेचं नावच ‘तूफान’. सह्या भराभर झाल्या, तालुकेच्या तालुके दानात आले, १९६९ मध्ये बिहारदान जाहीर झालं. प्रत्यक्षात कायद्याने कायम झालेली गावं त्यामानाने फारच थोडी निघाली. मागणी जितकी हलकी केली, तितकी होकाराची किंमतही उतरली. पूर्वी हो म्हणायला बापाला रात्रभर जागावं लागायचं. आता सही करायला जागेवरून उठावंही लागत नव्हतं.

महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा. तो बहुतांशी कपाटातच राहिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने २०१३ मध्ये त्याच कायद्याखाली ग्रामदान केलं, तेव्हा विनोबांना जाऊन तीस वर्षं झाली होती. तिथे कुणी पदयात्रा काढली नव्हती आणि बाहेरून कुणी मागायला आलं नव्हतं. गावात वर्षानुवर्षं अभ्यासगट चालत आलेले. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा, अशी रीत. एकाचाही विरोध असला तर थांबायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. पवनारच्या माणसाने एका संध्याकाळी बापाला विचारलेला प्रश्न इथे सगळ्या घरांनी, बायकांसकट, एकमेकांना विचारला, आणि उत्तर यायला लागला तेवढा वेळ लागू दिला.